कचरा की कच्चा माल?

प्रदर्शनाच्या फॉर्मवर चारच रकाने होते: शीर्षक, आकार, साल, माध्यम. तैलरंगवाले 'कॅनव्हासवर तैलरंग' असं लिहितात आणि झोपायला जातात. मी मात्र रात्री साडेअकराला चित्र जमिनीवर आडवं घालून, डाव्या कोपऱ्यातलं ते निळं नेमकं काय आहे, हे जवळजवळ हुंगून पाहत होतो.

नुसतं 'मिश्र माध्यम' लिहून सुटलो असतो. पण खाली बारीक टायपात सूचना होती: 'वापरलेली सर्व सामग्री नमूद करावी.' सर्व! आठ महिने चाललेलं चित्र. ॲक्रिलिक आठवतं, कोळसा आठवतो, चाळून घेतलेली वाळू आठवते. जुन्या शर्टाची बाही मला आठवते, आणि शर्ट जुना नव्हता हे बायकोला आठवतं.

आमच्याकडे केराची टोपली बाहेर जाण्याआधी माझ्या खोलीच्या दारात थांबते. बायको एकेक वस्तू वर धरून विचारते, "हा कचरा की कच्चा माल?" मी बहुतेक वेळा कच्चा माल म्हणतो, पुठ्ठ्याची तशी सुरकुती पुन्हा मिळेलच असं नाही. सुरुवातीला मी तिला इतिहास ऐकवायचो. पिकासोने 1912 साली वेताच्या विणीचं छापील ऑइलक्लॉथ, म्हणजे मेणकापड, चित्रात चिकटवलं आणि चौकटीऐवजी भोवती दोर गुंडाळला. जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्स वापरलेली तिकिटं चिकटवायचा. अमेरिकन चित्रकार राउशेनबर्गने तर पेंढा भरलेला अख्खा अंगोरा बोकड उभा केला, कमरेत टायर अडकवून. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बोकड आणायचा नाही."

तर ते निळं. नखाने जरा टोकरलं आणि तळहाताएवढा पापुद्रा अलगद वर आला. खाली ऑइल पेस्टल. तेलकट थरावर ॲक्रिलिक धरत नाही, हे मी शिकवणीच्या पोरांना दर रविवारी बजावतो. पेस्टलच्या कडेने छापील कागद डोकावत होता, तोही उलटा. मान वाकडी करून वाचलं. वॉशिंग मशीनचं वॉरंटी कार्ड. बायको दोन महिने शोधत होती ते. शोधायला मीही लागलो होतो, अगदी मनापासून.

पापुद्र्याखाली जेल मीडियम, म्हणजे ॲक्रिलिकचं घट्ट चिकट जेल, भरलं, वर जाड पुस्तक ठेवलं आणि रकान्यात लिहिलं: 'ॲक्रिलिक, ऑइल पेस्टल, कोळसा, वाळू, कापड, सापडलेला कागद.' 'सापडलेला' या शब्दापाशी पेन जरा अडलं.

पॅकिंग नेहमीप्रमाणे शेवटच्या तासात. ॲक्रिलिक वाळलं तरी उष्णतेने मऊ पडतं आणि प्लॅस्टिकला बिलगतं, म्हणून बबल रॅपच्या आधी ग्लासीन, म्हणजे न चिकटणारा गुळगुळीत कागद लावायचा असतो. तो संपला होता. मागे हुक लावले होते, तेही दोन्ही टोकांना, कारण वरची बाजू कोणती याबद्दल माझं मत तीनदा बदललं होतं. वरची बाजू दाखवणारा बाण रेखाटायचा राहिला.

उद्घाटनाला पोचलो तर रॅपबरोबर पापुद्रा गेलेला आणि चित्र उलटं टांगलेलं. म्हणजे कार्ड सुलटं. वरच्या उजव्या कोपऱ्यात, थेट दिव्याखाली. सीरियल नंबर तीन फुटांवरून वाचता येत होता.

"उलटं लागलंय," मी गॅलरीच्या माणसाच्या कानात म्हणालो. त्याने मलाच डच चित्रकार मोंद्रियान ऐकवला. त्याचं रंगीत चिकटपट्ट्यांचं 1941 चं चित्र कित्येक दशकं उलटं लागलंय, हे 2022 मध्ये उघड झालं. पण फिरवलं तर पट्ट्या सुटतील म्हणून तसंच ठेवलं. "तुमची तर वाळू आत्ताच गळतेय," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

तेवढ्यात बायको चित्रासमोर जाऊन उभी राहिली. माझ्या चित्रासमोर ती इतका वेळ कधीच थांबलेली नाही. मग पर्समधून चष्मा काढला, जवळ गेली, मोबाइलने कोपऱ्याचे दोन फोटो घेतले. ते पाहून मागच्या दोघांनीही त्याच कोपऱ्याचे फोटो घेतले. एकजण 'धाडसी' असं काहीतरी पुटपुटला.

तिने गॅलरीच्या माणसाला बोलावलं.

"दादा, हा एवढा कोपरा कापून मिळेल का? मेकॅनिक मूळ कार्ड मागतो."

"ताई, प्रदर्शन संपेपर्यंत काहीच काढता येत नाही."

"कधी संपतंय?"

"तीस तारखेला."

तिने माझ्याकडे पाहिलं. वॉरंटी पंचवीसला संपत होती.