नेग्रोनीच्या कडूपणाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नेग्रोनी या कॉकटेलवरील माझ्या लेखाला आपण नांदेडहून सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया पाठविलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: जिन, कंपारी (कडू, लाल इटालियन मद्य) आणि गोड तांबडे व्हर्माउथ समप्रमाणात घेतल्यास पेय काढ्यासारखे कडू लागते, म्हणून जिन दुप्पट करून वर चमचाभर साखरेचा पाक घालावा, मिश्रण चमच्याने न ढवळता शेकरमध्ये हलवावे, आणि लेखात संत्र्याऐवजी मोसंबीची साल सुचविणे म्हणजे मूळ कृतीची थट्टा आहे. जाता जाता आपण असेही लिहिले आहे की, आपली व्हर्माउथची बाटली गेल्या दिवाळीत उघडलेली असून ती दिवाणखान्यातील कपाटात असते. माझ्या मते आपल्या तक्रारीचे निम्मे उत्तर या एका वाक्यात आहे.

व्हर्माउथ ही मुळात वाइन असते. वनस्पतींचा अर्क आणि थोडे मद्य घालून ती टिकाऊ केलेली असली, तरी तिचे मद्यार्काचे प्रमाण साधारण १५ ते १८ टक्केच असते आणि बाटली उघडल्यावर हवेशी संबंध येऊन ती हळूहळू उतरू लागते. मराठवाड्यात पारा ४० अंशांच्या वर जात असताना कपाटात राहिलेल्या व्हर्माउथचा फळांचा गोडवा मावळतो आणि आंबूस, तुरट चव तेवढी उरते. कंपारीचा कडूपणा सांभाळून घेण्याचे काम ज्या घटकाकडे असते तोच असा निकामी झाला, तर दोष प्रमाणाला देण्यात अर्थ नाही. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवावी आणि महिना-दीड महिन्यात संपवावी. तेवढा खप नसेल तर लहान बाटली घ्यावी.

जिन दुप्पट करण्याच्या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे. आपल्याकडील बहुतेक जिन ४२.८ टक्क्यांची असते. तिचे ३० मिली, २५ टक्क्यांच्या कंपारीचे ३० मिली आणि व्हर्माउथचे ३० मिली धरले, तर एका ग्लासात सुमारे २५ मिली शुद्ध मद्यार्क जातो, म्हणजे व्हिस्कीच्या ६० मिलीच्या मोठ्या पेगाइतका. जिन ६० मिली केल्यास हाच आकडा ३८ च्या आसपास, म्हणजे ९० मिली व्हिस्कीच्या बरोबरीने येतो. जेवणापूर्वी भूक चाळवण्यासाठी घ्यावयाच्या पेयाचे असे करणे मला पटत नाही. साखरेचे म्हणाल, तर कंपारी आणि गोड व्हर्माउथ या दोन्हींत ती आधीच भरपूर असते. पाकाने कडूपणा जात नाही, पेय मात्र चिकट होते. त्यापेक्षा मिठाच्या पाण्याचे दोन-तीन थेंब घालून पाहावेत. मीठ कडू चव दाबते, हे कारल्याला मीठ चोळून ठेवणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

शेकरचा वापर लिंबाचा रस, अंडे किंवा साय असलेल्या पेयांसाठी योग्य आहे. नेग्रोनीत यांपैकी काहीच नसते, आणि हलवल्याने हवेचे बुडबुडे शिरून तिचा नितळ लाल रंग गढूळ होतो. ढवळण्याचा हेतू गार करणे एवढाच नसून बर्फाचे पाणी मोजके मिसळावे हाही असतो. ९० मिली मिश्रणात सुमारे २० मिली पाणी उतरले म्हणजे कडूपणाची धार बोथट होते. घरच्या ट्रेमधील लहान खडे उन्हाळ्यात काढता काढताच पाझरू लागतात, त्यामुळे हा हिशेब चुकतो. म्हणून पिण्याचे शुद्ध पाणी स्टीलच्या लहान डब्यात रात्रभर गोठवावे आणि तो गोळा फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडावा. बोअरच्या जड पाण्याचा बर्फ वापरू नये, त्याची चव पेयात उतरते. मोठे तुकडे स्टीलच्या उंच पेल्यात घालून लांब दांड्याच्या चमच्याने अर्धा मिनिट ढवळले की पेल्याला बाहेरून दव धरते. तेवढे पुरे. मग ताज्या बर्फावर गाळून घ्यावे.

आता मोसंबी. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ असते, तिची सलग पट्टी सोलणीने नीट निघत नाही. याउलट आपल्या जालन्याची मोसंबी, जिला भौगोलिक मानांकनही आहे, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने इटलीत वापरल्या जाणाऱ्या गोड संत्र्याच्याच जातीची आहे. किंचित पिवळसर झालेले फळ धुऊन, आतील पांढरा भाग न घेता दोन बोटे रुंद पट्टी काढावी आणि ग्लासावर धरून दुमडावी. तेलाचे बारीक थेंब लाल पृष्ठभागावर पसरलेले दिसतात आणि पहिल्या घोटाआधी तोच वास येतो. यात थट्टा कोणती, हे मला कळले नाही. मूळ कृतीची कथाही फेरबदलाचीच आहे. १९१९ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये काउंट कामिलो नेग्रोनी यांनी आपल्या अमेरिकानोत (कंपारी, गोड व्हर्माउथ आणि सोडा यांच्या पेयात) सोड्याऐवजी जिन घालण्यास फोस्को स्कार्सेल्ली या बारटेंडरला सांगितले, अशी हकीकत परंपरेने सांगितली जाते.

अखेरीस आपण विचारले आहे की, कडू मुळीच न खपणाऱ्या पाहुण्यांना काय द्यावे. त्यांना नेग्रोनी देऊ नये. कडूची थोडी गोडी लावून पाहायची असेल, तर ३० मिली कंपारी, ३० मिली ताजे व्हर्माउथ आणि वर गार सोडा असा अमेरिकानो उंच ग्लासात द्यावा, सोबत खारे शेंगदाणे ठेवावेत, आणि तोही नको म्हणाले तर आग्रह करू नये.