म्युरिएल स्पार्क यांनी मूल टाकले नव्हते

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने व्हॉट्सॲपवर फिरणारा एक लांबलचक मजकूर मला पाठवला आणि त्याखाली एवढेच लिहिले : "मावशी, हे खरे असेल तर मला विषय बदलावा लागेल." ती इंग्रजी साहित्यात एम. ए. करते आहे आणि तिचा लघुप्रबंध स्कॉटिश कादंबरीकार म्युरिएल स्पार्क यांच्यावर आहे. हा मजकूर तिच्यापर्यंत तीन वेगवेगळ्या गटांतून पोहोचला होता आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी "किती भयंकर!" असे म्हणून तो पुढे पाठवला होता. त्यात पाच आरोप आहेत. स्पार्क यांनी लेखिका होण्यासाठी आपले लहान मूल आफ्रिकेत टाकून दिले; गोळ्यांच्या नशेत त्यांना भ्रम झाले आणि इंग्रज कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांनी पोसले म्हणून त्या उभ्या राहिल्या; त्यांची सर्वांत गाजलेली कादंबरी फॅसिझमचे कौतुक करते; त्यांनी केवळ हलकीफुलकी करमणूक लिहिली; आणि आयुष्य इटलीत काढल्यामुळे त्या स्कॉटिश नव्हत्याच. या पाचांपैकी पहिल्या आरोपाने मला सर्वाधिक संताप आला, म्हणून त्याच्यावरच सर्वांत जास्त लिहिणार आहे.

मी मुख्यतः ज्याच्या आधाराने बोलते आहे ते म्हणजे स्पार्क यांचे १९९२ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र 'करिक्युलम व्हीटे'. आत्मचरित्र लेखिकेची बाजू मांडणारच, हे मला मान्य आहे. परंतु हे पुस्तक ज्या कारणाने लिहिले गेले ते लक्षात घेतले पाहिजे. डेरेक स्टॅनफर्ड या त्यांच्या जुन्या मित्राने १९६३ साली त्यांच्यावर एक पुस्तक लिहिले होते आणि त्यातल्या चुका पुढच्या अभ्यासकांनी तशाच उचलल्या होत्या. त्या चुका खोडण्यासाठी स्पार्क यांनी कागदपत्रांचा किंवा प्रत्यक्ष साक्षीदारांचा आधार असेल तेवढेच लिहायचे असे ठरवले. चाळीसच्या दशकापासून त्यांनी पत्रे, पावत्या, डायऱ्या असे सारे जपून ठेवले होते आणि तो प्रचंड संग्रह आज एडिंबरा येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. फिरणाऱ्या मजकुराला आधार म्हणून एकही नाव नाही.

आता मुलाविषयी. म्युरिएल कॅम्बर्ग यांचा जन्म १९१८ साली एडिंबरात झाला. १९३७ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्या आपल्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठ्या असलेल्या सिडनी ऑस्वल्ड स्पार्क यांच्याशी लग्न करण्यासाठी सदर्न ऱ्होडेशियाला, म्हणजे आजच्या झिंबाब्वेला गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचा मुलगा रॉबिन जन्मला. नवरा मानसिक आजाराने ग्रस्त असून हिंसक होतो, हे त्यांना लग्नानंतर काही महिन्यांतच कळले. त्याच्याजवळ लहानसे पिस्तूल होते आणि ते आपण लपवून ठेवले होते, असे त्या सांगतात. त्याच काळात, दिसायला आपल्यासारखी असलेली शाळेतली एक ओळखीची मुलगी तिथेच तिच्या स्वतःच्या नवऱ्याच्या गोळीने मेली, असेही त्यांनी नोंदवले आहे. 'बँग-बँग यू आर डेड' या त्यांच्या कथेचा उगम त्या घटनेत आहे. ज्या घरातून बाई जिवंत बाहेर पडेल की नाही याचीच खात्री नव्हती, ते घर तिने 'लेखिका होण्यासाठी' सोडले असे लिहिताना त्या माणसाने क्षणभर तरी विचार करायला हवा होता.

१९४० साली त्यांनी नवऱ्याला सोडले. तेव्हा युद्ध सुरू झाले होते आणि मुलांना घेऊन समुद्रप्रवास करण्यावर बंदी होती. हा एक मुद्दा त्या मजकुरात आला असता तर त्याचा सगळा डोलारा कोसळला असता, आणि नेमका तोच त्यात नाही. स्पार्क यांनी मुलाला कॉन्व्हेंटच्या निवासी शाळेत ठेवले, मिळतील ती कामे केली आणि १९४४ च्या सुरुवातीला सैनिक वाहून नेणाऱ्या जहाजातून, पाणबुड्यांच्या भीतीत, त्या एकट्या ब्रिटनला परतल्या. आधी आपण जाऊन घर उभे करावे आणि मग मुलाला आणावे, असा त्यांचा हेतू होता. लंडनमध्ये त्या मुलींच्या वसतिगृहात राहिल्या, परराष्ट्र खात्याच्या गुप्त प्रचार विभागात नोकरी केली आणि मुलासाठी नियमित पैसे पाठवले. १९४५ साली रॉबिन ब्रिटनला पोहोचला आणि एडिंबरात आजी-आजोबांच्या घरी, म्हणजे स्पार्क यांच्याच आईवडिलांकडे, वाढला.

नोकरीसाठी आईने शहरात राहायचे आणि मूल आजोळी वाढवायचे, ही गोष्ट आपल्याकडच्या किती घरांत घडली आहे? माझ्या स्वतःच्या पिढीत मुंबईत चाळीतल्या एका खोलीत राहून गावी मनीऑर्डर पाठवणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत आणि त्यांना कोणी 'मूल टाकणारी' म्हटले नाही. बापाने तेच केले तर त्याला कर्तव्यदक्ष म्हणायचे आणि परदेशातली लेखिका असली की तिला निर्दयी ठरवायचे, हे मला सहन होत नाही.

तरीही एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. आई आणि मुलगा पुढे कधीच जवळ आले नाहीत. स्पार्क यांची आई ज्यू होती की नव्हती, यावरून उतारवयात दोघांत जाहीर वाद झाला. मुलगा स्वतःला पूर्ण ज्यू मानत होता. स्पार्क यांचे म्हणणे होते की वडील ज्यू, पण आईचे घराणे मिश्र. त्या वादात स्पार्क यांची भाषा कठोर होती, आणि मृत्युपत्रात त्यांनी मुलासाठी काही ठेवले नाही. हे वाचून मलाही वाईट वाटते आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु साठीतल्या मुलाशी ऐंशीच्या आईचे बिनसणे आणि पाच वर्षांच्या मुलाला आफ्रिकेत टाकून देणे या दोन गोष्टी एक नाहीत, आणि मजकूर लिहिणाऱ्याने नंतरच्या कटुतेच्या बळावर आधीचे खोटे खपवले आहे.

गोळ्यांचा आरोप अर्धाच खरा आहे. युद्धानंतरही ब्रिटनमध्ये रेशन होते, पैसे नव्हते, आणि भूक मारण्यासाठी स्पार्क डेक्सेड्रिन या उत्तेजक गोळ्या घेत होत्या, ज्या तेव्हा दुकानात सहज मिळत. १९५४ साली त्यांना भ्रम होऊ लागले, कवी टी. एस. एलियट यांच्या लिखाणात आपल्यासाठी सांकेतिक संदेश दडले आहेत असे त्यांना वाटू लागले. गोळ्या थांबवल्यावर त्या बऱ्या झाल्या. उपासमारीतून आलेल्या या आजाराला 'नशा' म्हणणे हा अन्याय आहे. त्या अनुभवातूनच 'द कम्फर्टर्स' (१९५७) ही पहिली कादंबरी आली, जिच्या नायिकेला अदृश्य टंकलेखन यंत्राचा आवाज ऐकू येतो आणि आपण कोणाच्या तरी कादंबरीतले पात्र आहोत असे वाटू लागते. इंग्रज कादंबरीकार एव्हलिन वॉ तेव्हा स्वतः भ्रमाच्या अनुभवावरच कादंबरी लिहीत होते, आणि त्यांनी परीक्षणात उघडपणे लिहिले की स्पार्क यांनी हे काम आपल्यापेक्षा अधिक चांगले साधले आहे.

ग्रॅहम ग्रीन यांनी त्या आजाराच्या काळात दरमहा २० पौंड आणि त्याबरोबर रेड वाइनच्या काही बाटल्या पाठवल्या, हे खरे आहे. अट एवढीच की स्पार्क यांनी त्यांचे आभार मानू नयेत आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करू नये. पण ग्रीन यांचा पैसा येण्यापूर्वी, १९४७ ते १९४९ या काळात, त्या पोएट्री सोसायटीच्या सरचिटणीस आणि तिच्या नियतकालिकाच्या संपादक होत्या, आणि १९५१ साली 'ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्राच्या कथास्पर्धेत हजारो कथांमधून त्यांची कथा पहिली आली होती. मदत करणाऱ्याचे मोठेपण मान्य करूनही कर्तृत्व ज्याचे त्याचेच असते.

फॅसिझमचा आरोप वाचून मात्र हा मजकूर लिहिणाऱ्याने 'द प्राइम ऑफ मिस जीन ब्रोडी' (१९६१) उघडलीच नसावी अशी माझी खात्री झाली. जीन ब्रोडी ही १९३०च्या दशकातल्या एडिंबरातल्या मुलींच्या शाळेतली शिक्षिका मुसोलिनीने भारावलेली आहे, हे खरे. स्पार्क यांना जेम्स गिलेस्पीज शाळेत शिकवणाऱ्या क्रिस्टिना के या बाईंनाही इटलीतल्या काळ्या डगलेवाल्यांचे, म्हणजे मुसोलिनीच्या अनुयायांचे, कौतुक होते, आणि तेही आत्मचरित्रात आहे. परंतु कादंबरी त्या भारावलेपणाचे काय करते ते पाहा. ब्रोडीबाईंच्या बोलण्याने पेटून जॉइस एमिली ही मुलगी स्पेनच्या यादवी युद्धात हुकूमशहा फ्रँकोच्या बाजूने लढायला निघते आणि वाटेतच मरते. मेरी मॅकग्रेगर या मुलीवर प्रत्येक गोष्टीचे खापर फुटत राहते, आणि ती तेविसाव्या वर्षी हॉटेलच्या आगीत मरणार हे लेखिका आपल्याला सुरुवातीलाच सांगून टाकते, त्यामुळे नंतरच्या प्रत्येक विनोदात आपल्याला ती आग दिसत राहते. शेवटी आवडती विद्यार्थिनी सँडीच बाईंचा घात करते, आणि तोही त्यांच्या फॅसिझमचे कारण पुढे करून. मोहिनी घालणारी शिक्षिका आणि मोहिनी घालणारा हुकूमशहा यांच्यातले साम्य इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी कादंबरी मी वाचलेली नाही. ही कादंबरी आली त्याच वर्षी स्पार्क जेरुसलेमला जाऊन ज्यूंच्या संहारातला नाझी अधिकारी आइकमन याच्या खटल्याला बसल्या होत्या आणि 'द मँडलबॉम गेट' (१९६५) या कादंबरीत तो खटला आला. ज्यू बापाच्या या मुलीवर फॅसिझमच्या कौतुकाचा आरोप करणे लाजिरवाणे आहे.

'हलकीफुलकी करमणूक' याला फार वेळ देण्याची गरज नाही. त्यांच्या बावीस कादंबऱ्यांपैकी बहुतेक लहान आणि अतिशय विनोदी आहेत. 'मेमेंटो मोरी'मध्ये म्हाताऱ्या माणसांना फोनवरून 'तुम्हाला मरायचे आहे हे लक्षात ठेवा' असे सांगणारा आवाज येतो. 'द ड्रायव्हर्स सीट'मध्ये एक स्त्री आपल्या मारेकऱ्याचा शोध घेत प्रवासाला निघते. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये दिलेल्या व्याख्यानात स्पार्क यांनी स्वतःच सांगितले होते की पीडितांच्या दुःखाने प्रेक्षकांना रडवणारी कला त्यांना आपले कर्तव्य पार पडले असे समाधान देते, आणि म्हणून अन्यायाविरुद्ध उपहास हेच खरे शस्त्र आहे. त्यांचा विनोद पूर्ण विचारानिशी उचललेला होता.

शेवटचा आरोप स्कॉटिशपणाचा. त्या रोममध्ये आणि नंतर टस्कनीत राहिल्या, २००६ साली फ्लॉरेन्समध्ये वारल्या, हे बरोबर. पण १९६२ साली वडील एडिंबरातल्या रुग्णालयात शेवटच्या आजारात असताना लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी आपल्या घडणीबद्दल जे सांगितले, ते त्या मजकुराच्या लेखकाला ठाऊक नाही. त्या म्हणतात की एडिंबरातल्या माणसांच्या बोलण्यात 'नेव्हरदलेस' हा शब्द एका विशिष्ट ठसक्याने येतो, शिक्षिका तो सतत वापरत, आणि आपल्या विचारांची सारी उभारणी त्याच शब्दावर झालेली आहे : एक गोष्ट पूर्ण मान्य करायची आणि तिच्या नेमकी उलट गोष्टही तितक्याच ठामपणे पुढे मांडायची.

तो निबंध मी भाचीला पाठवला. तिने विषय बदललेला नाही. काल रात्री तिने फोन करून विचारले की तिच्या मराठी टिपणात त्या शब्दाला 'तथापि' म्हणावे की 'तरीही', कारण पहिला फार सरकारी वाटतो आणि दुसरा फार हलका. मी 'तरीसुद्धा' सुचवले आहे.