२०२३ ची माझी अ‍ॅनिमे लिस्ट, आणि पहिला नंबर व्हिनलँड सागाचाच

जपानी अ‍ॅनिमेशन सिरीजची ही २०२३ ची लिस्ट एप्रिल २०२४ मध्ये का टाकतोय, तर फ्रीरेन आणि अपॉथेकरी डायरीज या दोन्ही सिरीज सुरू झाल्या २०२३ मध्ये पण त्यांचे पहिले सीझन संपले मार्च २०२४ मध्ये, आणि अर्धवट बघून नंबर देणं मला पटत नाही. मधल्या काळात २ मार्च २०२४ ला टोकियोत क्रंचीरोल या अ‍ॅनिमे दाखवणाऱ्या साइटचे अवॉर्ड झाले आणि अ‍ॅनिमे ऑफ द इयर गेलं जुजुत्सु कायसेनच्या दुसऱ्या सीझनला. मला खरंच वाईट वाटलं. जुजुत्सु मलाही आवडते, त्यातल्या गोजो या पात्राच्या कॉलेजच्या दिवसांचे पहिले पाच एपिसोड तर मी तीनदा बघितलेत, पण वर्षातली सर्वात भारी सिरीज? नाही. (पुढे स्पॉयलर आहेत, सगळ्याच सिरीजचे, बघितल्या नसतील तर इथेच थांबा.)

माझ्यासाठी पहिला नंबर व्हिनलँड सागा या व्हायकिंग काळातल्या सिरीजचा दुसरा सीझन. २४ एपिसोड, आणि त्यातला बराचसा भाग चालतो डेन्मार्कमधल्या एका शेतावर. पहिल्या सीझनमध्ये बापाच्या खुनाचा बदला घ्यायचा म्हणून वेडा झालेला थॉर्फिन इथे गुलाम आहे, डोळ्यात जीव नाही, आणि त्याच्यासोबत आयनार नावाचा दुसरा गुलाम. मालक केटिल त्यांना सांगतो की हे जंगल तोडा, जमीन तयार करा, गहू लावा, पिकाच्या पैशातून स्वतःला सोडवून घ्या. मग एपिसोडमागून एपिसोड ते दोघं झाडं तोडतायत, बुंधे उपटतायत, दगड वेचतायत. माझ्या किमान चार मित्रांनी इथेच सोडली सिरीज, "काहीच होत नाही रे यात" म्हणून. अरे होतंय ना! ज्या हातांनी आयुष्यभर फक्त माणसं मारली ते हात पहिल्यांदा काहीतरी उगवतायत, यापेक्षा मोठं अजून काय व्हायला पाहिजे?

वडील कधी अ‍ॅनिमे बघत नाहीत, त्यांच्या लेखी ते कार्टून. पण त्या बुंध्यांच्या सीनला ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणले, "मुळ्या तोडल्याशिवाय नाही निघायचा तो." मग बसलेच. पुढे थॉर्फिन आणि आयनार म्हाताऱ्या स्वेर्केलच्या घरची कामं करतात आणि त्या बदल्यात त्याचा घोडा नांगराला घेतात, ते बघून म्हणले, "ही तर सावडच झाली की." मग आजोबांनी माळावरचं रान कसं मोडून काढलं, बैल कुणाकडून आणायचे, ते सगळं निघालं, मला त्यातलं अर्धं पहिल्यांदाच कळलं. मी एपिसोड पॉज करून ठेवला होता, चांगला अर्धा तास.

आणि मग उगवलेलं कोवळं पीक मालकाची माणसं उपटून टाकतात. तो एपिसोड मला सहन होत नाही. थॉर्फिनचा हात उठतो, मारामारी होते, तो बेशुद्ध पडतो आणि स्वप्नात त्या खाईत पोचतो जिथे मेलेले योद्धे अजून एकमेकांना कापतायत आणि त्यानेच मारलेली माणसं खालून त्याचे पाय धरतायत. तिथून परत आल्यावर तो ठरवतो की आता हिंसा नाही. हे ठरवणं किती महागात पडतं ते शेवटी दाखवलंय, राजा क्नूटला फक्त भेटायला मिळावं म्हणून तो शंभर ठोसे खातो, एकदाही हात न उचलता, आणि म्हणतो मला कुणी शत्रू नाही. जवळपास हेच वाक्य त्याचा बाप पहिल्या सीझनमध्ये म्हणला होता आणि तेव्हा त्या पोराला ते काही कळलं नव्हतं. पहिल्या सीझनला स्टुडिओ विट होता, दुसऱ्याला माप्पा, पण डायरेक्टर दोन्हीकडे शुहेई याबुताच, आणि म्हणूनच ती रेष कुठे तुटत नाही असं मला वाटतं.

दोन नंबर फ्रीरेन. हजार वर्षं जगलेल्या एल्फला दहा वर्षांचा प्रवास म्हणजे काहीच नाही, आणि त्या प्रवासातल्या सोबत्याच्या, हिमेलच्या अंत्यविधीला उभी असताना तिला कळतं की मी या माणसाला ओळखायचा प्रयत्नच केला नाही. हे पहिल्याच एपिसोडमध्ये होतं आणि पुढचे सगळे एपिसोड त्याच एका गोष्टीवर चालतात. संगीतकार इव्हन कॉलचं म्युझिक हेडफोन लावून ऐका. मग पहिला नंबर का नाही? ती जादूगारांची परीक्षा सुरू झाल्यावर पात्रांची गर्दी वाढते आणि हिमेल लांब जातो, मला तो हवा होता.

तीन नंबर प्लूटो, तेझुकांच्या अ‍ॅस्ट्रो बॉयमधल्या एका कथेवरून उरासावांनी केलेली मांगा (जपानी कॉमिक), तिच्यावरून आठ लांब एपिसोड. बाकी काही नाही तरी पहिला एपिसोड बघा, युद्धात वापरलेला रोबो एका आंधळ्या संगीतकाराच्या घरी नोकर होतो आणि त्याला पियानो शिकायचा असतो. बस, एवढंच सांगतो.

चार नंबरवर स्किप अँड लोफर, आणि इथे मला भांडायची तयारी आहे कारण ही कुणी बघितलेलीच नाही. जपानमधल्या नोटो द्वीपकल्पासारख्या लांबच्या भागातून मित्सुमी टोकियोत हायस्कूलला येते, पहिल्याच दिवशी रेल्वेत चुकते, धावतपळत पोचून भाषण पाठ म्हणून दाखवते आणि मग सरांच्या अंगावर उलटी करते. अकरावीला गावाकडून पुण्यात आलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. १ जानेवारी २०२४ ला नोटोत ७.६ चा भूकंप झाला तेव्हा मला आधी तिचं गाव आठवलं, तो समुद्र, तिच्या घरची माणसं.

पाच अपॉथेकरी डायरीज. राजवाड्यातली बाळं कशाने आजारी पडतायत तर आयांच्या चेहऱ्याच्या पावडरीतल्या शिशाने, आणि हे ओळखते कोण, तर कपडे धुणारी माओमाओ. तिचं डोकं ज्या पद्धतीने चालतं ते बघायला मजा येते.

जुजुत्सु सहावी. टोकियोतल्या शिबुयाच्या लढाईतला नानामी या पात्राचा शेवट मी विसरणार नाही, पण ते अ‍ॅनिमेशन ज्यांनी काढलं त्यातल्याच काहींनी नोव्हेंबर २०२३ मध्ये कामाच्या घाईच्या शेड्यूलबद्दल सोशल मीडियावर उघड लिहिलं, आणि ते वाचल्यापासून प्रत्येक भारी फाइट बघताना मला ते आठवतं. कामाचं कौतुक आहेच, त्या माणसांना झोप आणि वेळही मिळाला पाहिजे.

ज्यांनी व्हिनलँड चौथ्या-पाचव्या एपिसोडला सोडली त्यांनी नवव्यापर्यंत तरी बघा, आणि मग कमेंटमध्ये या. वडील आणि मी आता पहिल्या सीझनपासून परत सुरू केलीये, रोज रात्री जेवण झाल्यावर एक एपिसोड.