कर्झनचं व्यापार-उद्योग खातं नेमकं कुठे अडलं?

कर्झन म्हटलं की बंगालची फाळणी. त्याच 1905 सालात त्याने हिंदुस्थान सरकारात व्यापार आणि उद्योगांचं स्वतंत्र खातं उघडलं, हे फारसं कुणी बोलत नाही. आणि बोललंच तर "त्यांना इथला उद्योग मारायचाच होता" एवढ्यावर विषय संपतो. हेतूचा वाद क्षणभर बाजूला ठेवा. नेमलेली माणसं आणि कामाची वाटणी एवढंच पाहिलं तरी हे खातं कुठे अडणार ते पहिल्या दिवशीच दिसत होतं.

आधी खुर्चीचा प्रश्न. व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात सहावा सभासद नेमायची सोय 1874 च्या कायद्यात होती, पण सार्वजनिक बांधकामापुरती. ती अट काढायला ब्रिटिश संसदेला 1904 मध्ये नवा कायदा करावा लागला. एका खुर्चीसाठी एवढा खटाटोप कशाला? कारण मंडळात स्वतःचा सभासद नसलेल्या खात्याचा कागद वित्त खात्यापुढे टिकत नसे. इथपर्यंत कर्झनचं गणित बरोबर होतं.

मग कामं गोळा झाली. व्यापार आतापर्यंत वित्त खात्यातच होता, तार बांधकामाकडे, बाकीचे तुकडे इतरत्र. नव्या खात्याकडे जकात (म्हणजे आयात-निर्यातीवरचा कर), टपाल, तार, जहाजवाहतूक, कारखाने, पेटंट असं बरंच काही आलं. रेल्वेसाठी तीन जणांचं रेल्वे बोर्ड नेमून तेही याच खात्याखाली ठेवलं. पण 1908 मध्ये बोर्डाच्या अध्यक्षाला थेट व्हॉइसरॉयकडे जायची मुभा मिळाली आणि खात्याची पकड सुटली. शेती राहिली महसूल-शेती खात्यात, म्हणजे कापसाचं पीक एका दाराशी आणि कापसाचं कापड दुसऱ्या. टपाल-तार ही तर माणसांची खाती. बदल्या, बढत्या, पेन्शन, अपिलं. असलं काम सचिवाच्या टेबलावर रोज येतं आणि रोजच निपटावं लागतं. उद्योगाचा विचार मग उरलेल्या वेळात.

माणसं कोण? पहिले सभासद सर जॉन हेवेट, आयसीएस, म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिस या सनदी नोकरीतले. आधी मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त, म्हणजे नागपूरला बसलेले. उद्योगाची खरी आवड असलेला माणूस, पण 1907 मध्ये संयुक्त प्रांताचे (साधारण आजचा उत्तर प्रदेश) नायब राज्यपाल होऊन गेले, आणि त्याच वर्षी नैनितालला औद्योगिक परिषद भरवली ती तिथल्या प्रांतासाठी! विषय समजू लागतो तोवर अधिकाऱ्याची बढती होते. आयसीएसच्या साच्यातला हा दोष कर्झनला पुरता ठाऊक होता, तरी त्याने साचा तोच ठेवला. आयसीएसबाहेरचा माणूस, विल्यम क्लार्क, सभासद म्हणून यायला 1910 उजाडलं.

आता एक कागद डोळ्यांसमोर आणा. मुंबईच्या एखाद्या व्यापारी मंडळाचं पत्र आलं. आवक नोंदवहीत क्रमांक पडतो. सहायक जुनी कागदपत्रं जोडून टिपण लिहितो, अधीक्षक तपासतो. मग अवर सचिव, उपसचिव, सचिव आणि शेवटी सभासद. विषयात कराचा वास आला की फाइल वित्त खात्याकडे, तिथेही तीच उतरंड, आणि शेरे घेऊन परत. वरून उन्हाळ्यात खातं सिमल्याला, तर व्यापारी माहिती आणि आकडेवारीची कचेरी कायम कलकत्त्याला. आकडा तपासायचा तर पत्र नाहीतर तार.

बरं, एवढं होऊन सरकारचं एकमत झालं तरी निर्णय लंडनचा. भारतमंत्र्याकडे, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्र्याकडे, खलिता जायचा, नुसत्या बोटीच्या प्रवासालाच साधारण पंधरवडा. मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर 1896 पासून साडेतीन टक्के अबकारी, म्हणजे उत्पादनावरचा कर, होती, लँकेशायरच्या मालावरच्या आयात कराला तोल म्हणून बसवलेली. व्यापार खातं उघडल्यावरही ती वीस वर्षं तशीच राहिली. 1925 च्या डिसेंबरात स्थगित झाली, पुढच्या वर्षी रद्द.

सरकारी खरेदीचं तेच. बरीचशी मोठी खरेदी लंडनच्या इंडिया ऑफिसमार्फत. माझ्या मते खरं दुखणं हे. सरकारच सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं, आणि गिऱ्हाइकाची थैली ज्याच्या हातात नाही त्या खात्याने कारखानदाराला काय कबूल करायचं? सरकारी खरेदी इथेच करणारं हिंदी भांडार खातं निघालं ते 1922 मध्ये.

प्रांतात कुणी हातपाय हलवले तर? मद्रासला आल्फ्रेड चॅटर्टन या सरकारी अधिकाऱ्याने ॲल्युमिनियमची भांडी आणि क्रोम पद्धतीचं चामडं कमावणं सरकारी खर्चाने करून दाखवलं. तिथल्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि 1910 मध्ये भारतमंत्री मोर्लेने हुकूम धाडला: सरकारने शिक्षण द्यावं, धंद्यात पडू नये.

जे टिकलं ते रटाळ वाटणारं काम. 1906 पासून कलकत्त्याहून निघणारं 'इंडियन ट्रेड जर्नल', आणि त्याच वर्षीची स्वतंत्र जकात सेवा, जिच्यामुळे बंदरावर तेच काम वर्षानुवर्षं करणारे अधिकारी मिळाले. माल ओळखणं, किंमत पडताळणं हे बदली होऊन आलेल्या कलेक्टरला जमत नसतं. मुंबईच्या हिंदी व्यापाऱ्यांनीही 1907 मध्ये इंडियन मर्चंट्स चेंबर काढलं. सरकार मत विचारतं तेव्हा आपलंही पत्र टेबलावर हवं, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

1921 मध्ये उद्योगांना वेगळं खातं मिळालं. दोन वर्षांत काटकसरीची कुऱ्हाड पडली आणि त्यालाच बांधकाम, कामगार, टपाल-तार जोडून दिलं. झालं, पुन्हा सचिवाच्या टेबलावर बदल्या आणि अपिलं.