पहिल्या तिघांत कसे यावे

पर्सनल ट्रेनर झालात, अभिनंदन. आता व्यायामाचा नाद सोडा. ग्राहकाची ढेरी ही दुय्यम बाब. तो फोनवर ‘पर्सनल ट्रेनर’ टाइप करतो तेव्हा गुगल नकाशाबरोबर जी तीन नावे दाखवतो, त्यांत तुमचे हवे. पूर्वी तिथे सात पानांची पंगत असायची. २०१५ साली चार पाट उचलले. उरलेल्या तीन पाटांसाठी सबंध बडोद्यातले ट्रेनर एकमेकांना कोपरखळ्या मारताहेत, आणि त्यात माझा भाचाही आहे. दांडिया बाजारात राहतो, लोकांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेतो. त्याने केलेले सगळे उपाय मी जवळून पाहिलेत, तेव्हा हा सल्ला अनुभवाचा आहे.

सुरुवात नावापासून करा. स्वतःचे नाव आणि पुढे ‘फिटनेस’, एवढ्यावर आजवर कोणाचे भले झाले आहे? भाच्याने नकाशावर नाव लावले ते असे: ‘बेस्ट पर्सनल ट्रेनर वडोदरा बरोडा बडोदा वेट लॉस झुंबा योगा लेडीज जेन्ट्स निअर मी’. गावाचे नाव सरकारने १९७४ साली बदलले, पण आपण बडोदेच म्हणतो, बाहेरून नोकरीला आलेले बरोडा म्हणतात. कोणी नाराज व्हायला नको. ‘निअर मी’बद्दल मी शंका काढली. “मामा, लोक तेच शोधतात ना!” म्हणाला. म्हणजे दुकानाचे नाव ‘इथेच जवळ’ ठेवण्यासारखे झाले, पण तरुणांशी कोण वाद घालणार? पाटीवर, पावतीवर जे नाव तेच नकाशावर हवे, असा गुगलचा नियम आहे म्हणे. सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, नियम वाचण्याची सक्ती तेवढी राहून गेली. आठवड्याभरात कोणीतरी तक्रार केली आणि प्रोफाइल सस्पेंड. तक्रार कोणाची ते कळत नाही. कारेलीबागेतला एक ट्रेनर हल्ली भाच्याला पाहून फार प्रेमाने हसतो, एवढेच.

नाव मुकाट्याने पूर्ववत करून, अर्ज करून प्रोफाइल परत मिळवले. तोवर तुम्ही पत्त्याचे बघा. दांडिया बाजार म्हटल्यावर फी वाढवता येत नाही, तेव्हा पत्ता अलकापुरीचा द्या. ग्राहकाच्या घरी जाऊन काम करणाऱ्याने पत्ता झाकून ठेवावा आणि कुठकुठल्या भागांत जातो ते लिहावे, वीस भागांपर्यंत लिहिता येते, अशी सोय आहे. पण सोयीचे ते साधे असते, म्हणून नको. भाच्याचा एक मित्र अलकापुरीत सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करतो, त्याचा पत्ता टाकला. मग गुगलने व्हिडिओ मागितला: रस्ता दाखवा, पाटी दाखवा, आतले सामान दाखवा. रविवारी ऑफिस बंद असताना दोघांनी पाच-पाच किलोचे दोन डंबेल स्कूटीवरून नेले आणि फायलींच्या कपाटापुढे मांडले. व्हिडिओत भाचा सांगतोय, ‘हा आमचा स्ट्रेंग्थ सेक्शन’, आणि त्याच्या डोक्यामागे स्पष्ट वाचता येते: ‘जीएसटी रिटर्न्स, पेंडिंग’. अर्ज नामंजूर झाला. गुगल कधी नव्हे ते समंजस वागला.

फोटो मात्र स्वतःचे चुकूनही टाकू नका. इंटरनेटवरून एखादा गोरा दंड उचला. त्यावरची नस पाहून मांजलपूरच्या आजोबांना धडकी भरली पाहिजे. वेळ लिहा ‘२४ तास सुरू’. शोधणाऱ्याच्या वेळेला जे उघडे असतात त्यांना गुगल झुकते माप देतो, असे ऐकून भाच्याने हेच केले. रात्री पावणेदोनला फोन येतो, “भाई, अत्यारे खुल्लू छे?” म्हणजे आत्ता उघडे आहे का? उत्तरायणाचे दोन दिवस तुम्ही गच्चीवर पतंग उडवत असाल, नवरात्रात नऊ रात्री गरब्याच्या मैदानावर असाल, पण नकाशावर उघडेच राहा.

आता खरी कसोटी. आपला नंबर कितवा, हे रोज तपासा, आणि तेही घरी बसूनच. भाचा गॅलरीत उभा राहून शोधतो तर पहिला! “मामा, बघा!” पेढे आणले. संध्याकाळी त्याच आनंदात आम्ही पुलावरून अकोट्याकडे निघालो. पूल ओलांडला, त्याने पुन्हा शोधले, सातवा. आणखी पुढे गेलो, तर भाचा यादीतून नाहीसाच. पुलाखालच्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत हे खरे, पण इथे त्यांचा काही हात नव्हता. गुगल तीन गोष्टी पाहतो: शोध आणि धंदा यांचा मेळ, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि प्रसिद्धी. गॅलरीतून अंतर शून्य असते. पण हे समजून घेतलेत तर पेढ्यांचा खर्च वाया जाईल.

प्रसिद्धीचे म्हणाल तर ती भानगडच नको. दांडिया बाजारातच जुम्मादादांचा आखाडा आहे. पुढे तो प्रोफेसर माणिकरावांनी नावारूपाला आणला, आणि व्यायामावरचा दहा खंडांचा मराठी ज्ञानकोशही याच गावातून निघाला. लोक आखाड्याचा पत्ता कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारत. लोकांत ज्याचे नाव आहे त्याचे वजन नकाशावरही पडते, हे गुगल स्वतःच लिहून ठेवतो. पण त्यासाठी पन्नास-साठ वर्षे लाठी फिरवावी लागते, आणि तुमच्या पॅकेजचे हप्ते तर तीन महिन्यांचे.

त्यापेक्षा फोनची वाट पाहा. “सर, गुगलमधून बोलतोय, पहिला नंबर पक्का करून देतो,” असे कोणी म्हणाले की लगेच पैसे द्या. जाहिरात विकत मिळते, तिच्यावर तसे लिहिलेले असते. खालच्या यादीतला नंबर मात्र पैसे देऊन मिळत नाही, असे गुगल सांगतो. पण फोनवरचा माणूस इतक्या आदराने ‘सर’ म्हणत होता की भाच्याला वाईट वाटले. बारा हजार गेले. बदल्यात अठरा पानांची पीडीएफ आली, तिच्यातले सगळे बाण हिरवे आणि वर तोंड केलेले. त्याच पॅकेजात चाळीस रिव्ह्यू मोफत होते. एका रात्रीत चाळीस जणांनी पाच-पाच तारे दिले. नमुन्यादाखल: ‘नाइस प्लेस, फॅमिलीसोबत यावे’. दुसरा: ‘पनीर फ्रेश’. भाच्याने आयुष्यात कोणाला पनीर दिलेले नाही. अंड्याचा पांढरा भाग खा, पिवळा टाका, एवढेच त्याचे पाकशास्त्र.

खरा रिव्ह्यू एकच होता. वाघोडिया रोडच्या एका काकूंनी दोन तारे देऊन लिहिले होते, ‘सहा वाजता येतो म्हणतो आणि साडेसहाला येतो. चहा घेत नाही. गुडघा मात्र आता दुखत नाही, जिना चढते.’ अशा वेळी काय करावे? लांबलचक भांडण लिहावे, शेवटी ‘कायदेशीर कारवाई’ हा शब्द घालावा. भाच्याने मसुदा तयार केला होता. तो पाठवण्याआधीच एका सकाळी ते चाळीस जणांचे तारकामंडळ गुगलने पुसून टाकले आणि प्रोफाइलवर एकट्या काकू उरल्या. दोन तारे, साडेसहा आणि गुडघा.

दोन दिवस भाचा जेवला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे बसला असताना अनोळखी नंबर वाजला. पुन्हा ‘गुगलमधून’ असेल म्हणून त्याने स्पीकरवर टाकला. गोत्रीहून एक बाई बोलत होत्या.

“गुडघ्याच्या व्यायामासाठी शोधत होते, तर तुमच्याखाली एकीने लिहिलेले आले. ते तुम्हीच का?”

“हो, पण मॅडम, वेळेचे जे लिहिलेय ना, त्याचे असे झाले की...”

“अहो, साडेसहाच या. सहाला मला पूजा असते.”