काकांचा सात्त्विक जपान

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझी आठवण दोनदाच निघते. एकदा वाढदिवसाला, आणि एरवी कुणाला जपानचा दाखला हवा असेल तेव्हा. स्वच्छता, वक्तशीरपणा, बुलेट ट्रेन हे विषय आता चावून चोथा झाले. 2025 च्या ऑगस्टपासून नवा विषय मिळालाय : मटण.

निमित्त आठवत असेलच. कल्याण-डोंबिवली महापालिकेनं 15 ऑगस्टला चोवीस तास कत्तलखाने आणि मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला, आधार 1988 च्या ठरावाचा. विरोधकांनी रान उठवलं, सत्तेतल्या अजित पवारांनाही ते पटलं नाही, आणि आमच्या डोंबिवलीच्या काकांनी ग्रुपवर लिहिलं, ‘‘एक दिवस नाही खाल्लं तर कुणी मरत नाही. जपानी माणूस बघा. सात्त्विक खातो, म्हणून शंभरी गाठतो. विचारा आपल्या पुतण्याला.’’ तेवढ्यावर संपायला हरकत नव्हती. पण दर एकादशीला, किंवा कुठल्या सोसायटीत मासे तळले म्हणून भाडेकरूला नोटीस गेली की, ते पुन्हा वर येतं. साक्षीदार मी. विचारत मात्र कुणीच नाही.

तर न विचारताच साक्ष देतो.

मी राहतो त्या तोक्योत, निशी-कासाई स्टेशनाच्या मागच्या गल्लीत एक रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सचं, दुकान आहे. खुर्च्या आठ-नऊ, सगळ्या काउंटरला लागून. दारातल्या मशीनचं डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबायचं, तिकीट काउंटरवर ठेवायचं, ‘कातामे’, म्हणजे नूडल्स जरा कडक, म्हणायचं आणि गप्प बसायचं. समोरच्या भल्यामोठ्या पातेल्यात डुकराची हाडं सकाळपासून रटरटत असतात. मालक मधूनमधून लाकडी वल्ह्यासारख्या काठीनं ती ढवळतो, हाडं मोडतात, मगज बाहेर येतो आणि रस्सा दुधाळ होत जातो. त्यात निबोशीचाही, म्हणजे सुकवलेल्या बारीक माशांचा, अर्क असतो, म्हणून दार उघडलं की आजीच्या घरातल्या सुकटीच्या बरणीचं झाकण काढल्यासारखा वास येतो. वाडग्यात वर चाशूचे दोन काप, तेही डुकराचंच. अर्धं अंडं, बलक अजून ओघळणारा. रश्श्यावर चरबीचे बारीक चकचकीत ठिपके. सात्त्विक म्हणावं असं त्यात काय, तर कांद्याची पात. काकांच्या घरी चातुर्मासात तीही चालत नाही.

देवळांतलं शोजिन-र्योरी असतं ना, म्हणेल कुणी. असतं, शुद्ध शाकाहारी असतं, आणि त्याचं बिल पाहिलं तर काकाही त्याच दिवशी सामिष होतील.

जपानातही हे हुकूम निघालेत. 675 साली तेन्मू सम्राटानं गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी केली, तीही एप्रिल ते सप्टेंबर. म्हणजे आपल्या चातुर्मासापेक्षा लांबच. पुढे हजारभर वर्षं अधूनमधून असलीच फर्मानं निघत राहिली आणि लोक ‘औषध’ म्हणून रानडुक्कर खात राहिले. मग 1872 मध्ये मेइजी सम्राटानं स्वतः गोमांस खाल्ल्याची बातमी फुटली. संतापलेले काही उपासक राजवाड्यात घुसले, त्यातले काही मारले गेले. रामेन तर मुळात चिनी. 1910 मध्ये तोक्योच्या आसाकुसा भागात राइराइकेन हे रामेनचं दुकान निघालं, ते योकोहामाच्या चिनी वस्तीतले आचारी आणून. आज तोच रामेन जपानची शान आहे. हे सगळं मी काकांना सविस्तर लिहिलं. उत्तरादाखल हात जोडलेला इमोजी आला.

मला राग बंदीपेक्षा डोकावण्याचा आहे. या काउंटरवर डावीकडे टाय खांद्यावर टाकलेला कचेरीतला माणूस, उजवीकडे रात्रपाळी संपवून आलेली नर्स, आणि कुणाचीही नजर दुसऱ्याच्या वाडग्यात जात नाही. (कचऱ्याच्या पिशवीत जाते, पण तो वेगळा विषय आहे.) 15 ऑगस्टला हे दुकानही बंदच होतं म्हणा. ओबोन, इथला पितरांचा सण. शटरवर हातानं लिहिलेला कागद, मालक गावी. त्याला कुणाचा आदेश लागला नाही.

पुण्याहून नवा आलेला एक सहकारी एकदा हौसेनं माझ्याबरोबर आत आला. पक्का शाकाहारी. मांस काढून द्या म्हणाला, तर रस्साच हाडांचा. नुसता बसतो म्हणाला, तर माणशी एक वाडगा घ्यावाच लागतो. बिचारा बाहेर जाऊन उभा राहिला. मी सावकाश संपवून गेलो, कारण नूडल्स भिजून फुगतात. दुकानाची पद्धत ती पद्धत.

ग्रुपवर हे सांगितलं तर चुलत बहीण म्हणाली, ‘‘दादा, तुला बोलायला काय जातं? तू सुटलास.’’ काकांच्या सगळ्या फॉरवर्डपेक्षा हे एक वाक्य जास्त झोंबलं.

कारण मी श्रावण पाळतो. इथे, तोक्योत. गटारीला एकटाच या दुकानात जातो, जादा चाशू, एक बिअर, आणि मग थेट गणपती विसर्जनापर्यंत तिकडे फिरकत नाही. कॅन्टीनच्या मिसो सूपमध्येही दाशी, म्हणजे माशाचा अर्क, म्हणून डबा नेतो. इंडियन दुकानातली तूरडाळ, वरणभात, लोणचं. सांगणारं कुणी नाही, विचारणारं नाही, मोडला तर कळणारंही नाही. आई फोनवर श्रावणाचा विषय काढत नाही. तिला वाटतं, परदेशात कसलं काय. मतदार यादीत माझं नाव राहिलंय की उडालं, ठाऊक नाही. डोंबिवलीचा फ्लॅट भाड्यानं दिलाय. मग मी अजून तिथला आहे हे कशावरून? सोमवारच्या उपासावरून. याच उपासाची नोटीस उद्या आयुक्तांनी काढली, तर मी हट्टानं मटण शोधीन. यात विसंगती आहे असं बहीण म्हणते. मला दिसत नाही, किंवा दिसते आणि फरक पडत नाही.

विसर्जनानंतर गेलो तेव्हा मालक म्हणाला, ‘‘ओहिसाशिबुरी, बऱ्याच दिवसांनी. देशी गेला होतात का?’’ मी ‘हो’ म्हटलं. श्रावण समजावण्याइतकं जपानी येतं मला, पण मागे रांग होती.

काका एप्रिलमध्ये येतायत. साकुरा म्हणजे चेरीचा बहर बघायला, सहल कंपनीबरोबर, सोबत मराठी आचारी. फुजीसमोर पुरी-भाजी आणि श्रीखंड मिळणार असं पत्रकात छापलंय. ग्रुपवर त्यांनी ते पत्रक टाकलं, खाली ‘सात्त्विक’ असं लिहून. रात्री वेगळा फोन आला. तोक्योत एक संध्याकाळ मोकळी आहे म्हणाले, काकू दमलेली असेल, ती हॉटेलातच थांबेल. आणि मग आवाज खाली आणून, ‘‘ते तुझं हाडांच्या रश्श्याचं दुकान, फार लांब पडतं का रे?’’