काळ्या दगडाचं प्रत्येक देऊळ हेमाडपंताचं नाही

‘महाराष्ट्रातली काळ्या दगडाची सगळी जुनी मंदिरं हेमाडपंतानं बांधली. चुन्याशिवाय दगडावर दगड रचायची युक्ती त्याचीच, आणि अशी शिखरं जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.’ श्रावण लागला की हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. यातलं एकही विधान खरं नाही.

हेमाडपंत म्हणजे हेमाद्री पंडित. हा यादव राजा महादेव आणि नंतर रामचंद्र यांचा मंत्री, म्हणजे १३व्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या शिवमंदिराचा शिलालेख शके ९८२ चा, इ.स. १०६० चा आहे. तेव्हा तिथे शिलाहारांचं राज्य होतं. महादेव गादीवर यायला अजून सुमारे २०० वर्षं होती. त्र्यंबकेश्वरचं आजचं मंदिर तर नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं, १८व्या शतकात. मोडी लिपी आणि बाजरीसुद्धा लोक हेमाडपंताच्याच नावावर घालतात, तशातलाच हा प्रकार.

चुन्याशिवायचं बांधकामही त्याच्या कितीतरी आधीचं. ११व्या शतकातलं खजुराहोचं कंदारिया महादेव असंच, दगडात दगड अडकवून उभं केलेलं आहे. अशा शिखराच्या आत खरी कमान नसते. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत नेतात आणि वरच्या वजनानंच तो दाबून धरला जातो.

आता शिखराकडे येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. सिन्नरच्या गोंदेश्वराचं शिखर खालून नीट बघा. प्रत्येक बाजूच्या मधोमध एक पट्टी सरळ वर चढत गेलेली दिसेल, जाळीसारख्या कोरीवकामानं भरलेली. ही लता. दोन लतांच्या मधल्या जागेत खांबांवर बसवलेली चिमुकली शिखरं रांगेनं रचली आहेत आणि वर जाताना ती लहान लहान होत जातात. या घडणीला भूमिज शिखर म्हणतात. मालेगाव तालुक्यातल्या झोडग्याला हीच घडण आहे. मध्य प्रदेशात विदिशा जिल्ह्यातल्या उदयपूरला परमार राजा उदयादित्यानं ११व्या शतकात बांधलेलं उदयेश्वर मंदिरही याच घडणीचं, आणि माझ्या मते भूमिज शिखर पाहावं तर तिथलंच. माळवा आणि गोदावरीखोरं यांच्यातलं हे कारागिरीचं नातं एका मंत्र्याच्या नावाखाली झाकून टाकणं त्या सूत्रधारांवर, म्हणजे मंदिरं घडवणाऱ्या स्थपतींवर, अन्याय करणारं आहे.

शिवाय देवळाच्या भिंती यादवकाळातल्या आणि वरचं शिखर मात्र विटा-चुन्याचं, मराठेशाहीतलं, असंही अनेक ठिकाणी आढळतं. तिथे तर भिंतींचा काळ वेगळा सांगावा लागतो आणि शिखराचा वेगळा.